रोलरला कपाळ देणाऱ्या मामास

ज्या रस्त्यावरून तुम्ही रोज ये-जा करता, तो दुरुस्त करणाऱ्या एका तरी माणसाचं नाव तुम्हाला माहीत आहे का? उद्घाटन करणाऱ्याचं माहीत असेल, ते फलकावर असतं. ठेकेदाराचंही कुणाकडून तरी कानावर आलेलं असेल. मी विचारते आहे ते खड्ड्यात डांबर ओतणाऱ्याचं, पांढरे पट्टे मारणाऱ्याचं, दुभाजकातल्या कण्हेरीची छाटणी करणाऱ्या बाईचं.

बघ मामा, पहिल्याच परिच्छेदात मी वाचकांच्या अंगावर धावून गेले. तू असतास तर म्हणाला असतास, "पुढारीणबाई, आधी चहापाणी तं विचार लोकायला. मंग झाप." पण सवय जात नाही. बाबा जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात होते, आणि शनिवारी घरी येताना त्यांच्या पिशवीत भाजीपेक्षा पत्रकं जास्त असायची. मी अक्षरं लावायला शिकले ती 'कामगार बंधूंनो' या दोन शब्दांवर. परिच्छेद म्हणजे मागणी आणि वाक्य म्हणजे जाब, एवढंच मला लिहिण्यातलं कळत आलं. तुझ्यावर लिहायला बसले तर हात अडतो, कारण तुझ्याकडे माझी काही मागणी उरलेली नाही. देणंच आहे, आणि ते कसं लिहितात हे बाबांच्या पत्रकांत कुठं नव्हतं.

तुझा दहावा झाला. शहागडच्या पुलाजवळ, गोदावरीच्या काठावर. वर पुलावरून ट्रक चालले होते आणि खाली महाराज मंत्र म्हणत होते. दोघांपैकी महाराजांचा आवाज कमी पडत होता. तुझी माणसं केशरी जाकिटं घालूनच आली होती, कारण तिथून सरळ कामावर जायचं होतं. महाराज म्हणाले, "बाबांनो, विधीला तरी अंगावरचं ते काढून ठेवा." तर गयामावशी, जिला तू झेंडी सोडायला लावलीस ती, म्हणाली, "महाराज, हे काढलं तं भास्करदादा उठून बसंल. आन आधी माझीच हजेरी घेईल." रडणारी माणसं हसली. आईसुद्धा. मग आई जास्तच रडली.

मामा, तू गेलास तो घरीच. वाटूरला, आपल्या खाटेवर, सकाळचा चहा झाल्यावर. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, काहीच त्रास झाला नाही, पुण्यवान माणूस. मला पुण्याचं काही कळत नाही. पण उभं आयुष्य गाड्यांच्या वाऱ्यात काढलेला माणूस घरात, आपल्या माणसांत गेला, याचा मला अभिमान वाटतो. सगळ्यांचं असंच व्हावं, एवढ्यासाठीच तर तू भांडत होतास.

हे खूळ तुझ्या डोक्यात कुठून आलं ते तू एकदाच सांगितलंस. आपण तुझ्या मोटारसायकलवरून वाटूरला चाललो होतो आणि फाट्याच्या अलीकडे तू गाडी हळू केलीस. म्हणालास, तुझ्या उमेदीत इथं डांबराचं काम होतं. तेव्हा रस्त्यात मांडायचे केशरी कोन नव्हते, दिवे नव्हते. काम चालू आहे हे सांगायला रस्त्यात दगड मांडायचे आणि बाभळीचा फाटा आडवा टाकायचा. पुढं एक जण काठीला लाल फडकं बांधून उभा. तो तुझा सोबती होता. टेम्पो आला, बाभळीवरून गेला, दगडांवरून गेला. सोबती वाचला नाही. "दगड मात्र महिनाभर तिथंच पडून व्हते," एवढं म्हणालास आणि गाडीला वेग दिलास. त्या सोबत्याचं नाव मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. आता ते कुणालाच माहीत नाही. वरचा प्रश्न मी वाचकांना विचारला खरा, पण तो आधी मला लागू आहे.

पुढं चौपदरी महामार्ग झाला. देखभालीच्या कंपनीनं तुला सुपरवायझर केलं. वाटूरची शेती भावाकडे सोपवून तू शहागडला खोली घेतलीस. बाबांचा कारखाना बंद पडला तेव्हा आईला तूच कामावर लावलंस, दुभाजकातल्या झाडांच्या टोळीत. तेव्हापासून आपल्या भांडणाला धार आली. दोन्ही बाजूंनी गाड्या धावत असताना मधल्या हातभर मातीत माझी आई खुरपं घेऊन बसलेली असते, ही गोष्ट पोटात ठेवून मी भांडत होते. तूही तीच पोटात ठेवून होतास. दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

पहिलं भांडण 'जावईबापूं'वरून. कामाच्या अलीकडे झेंडी हलवणारा तो यांत्रिक पुतळा तू आणलास, हेल्मेट-जाकीट घातलेला, बॅटरीवर हात वरखाली करणारा. टोळीतल्या बायकांनी त्याचं दुसऱ्याच दिवशी बारसं केलं. काम काडीचं नाही, कपडे नवे, उन्हात उभा पण घाम नाही, आणि कुणी काही बोलायची सोय नाही. म्हणून जावईबापू. धोंड्याच्या महिन्यात त्याच्या गळ्यात हार घालून गयामावशीनं त्याला अनारशाचा नैवेद्यही दाखवला होता.

पण त्याच्या आधी तिथं झेंडी घेऊन गयामावशीच उभी असायची. मी पत्रक लिहिलं. 'यंत्र आलं, मावशी गेली' असा मथळा होता. तुला वाचून दाखवलं. तू भाकरी मोडत ऐकत होतास.

"मावशी कुठं गेली? ही काय, तुह्या आईजवळ बसून शेंगा फोडून राह्यली."

"आज आहे. उद्या कंपनी म्हणेल, पुतळा आहे तर बाई कशाला?"

"म्हणू दे. मी हाये ना. काम मी तिला बराबर देतो. पण पोरी, गाडीच्या तोंडापुढं उभं राहणं हे काम न्हाई. ते काम कधी नव्हतंच. आपुन त्याला काम म्हणत आलो."

मी गप्प बसले नाही. म्हटलं, तू आहेस म्हणून मावशी आहे, हा काही हक्क झाला नाही. तू असणं ही तिच्या नोकरीची हमी असेल तर तू नसलास की काय? त्यावर तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "हे मात्र तुहं खरं हाये." मग कोनांच्या रांगेवर लक्ष ठेवायला एक माणूस पाहिजेच, असं तू कंपनीकडून कबूल करून घेतलंस आणि तिथं गयामावशीला बसवलंस, सिमेंटच्या कठड्यामागं, सावलीत. माझं पत्रक छापलं गेलं नाही. पण त्यातली मागणी तू खिशात घालून नेली होतीस. असं तू नेहमी करायचास. वाद हरल्यासारखा दिसायचा आणि मला हवं ते दुसऱ्या दिवशी होऊन बसलेलं असायचं.

आता रोलरचं सांगते, कारण हे वाचणाऱ्यांना ते माहीत असायला हवं.

रोलर मागं येतो तेव्हा चालकाला मागचं दिसत नाही. विष्णू, तुझा रोलरवाला, आधी दर वेळी अंग बाहेर काढून मागं बघायचा. मग तू रोलरच्या पाठीवर कॅमेऱ्याचा एक डोळा बसवून घेतलास. बोराएवढी काच. मागं माणूस आला की केबिनमध्ये पिपाणी वाजायची आणि रोलर आपोआप थांबायचा. सगळ्यांनी पहिले चार दिवस मुद्दाम मागं उभं राहून मजा बघितली. विष्णूला हळूहळू पिपाणीची सवय झाली. पिपाणी वाजली नाही म्हणजे मागं कुणी नाही. त्यानं मान वळवायची सोडली.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी विळ्याखुरप्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते. तुझ्या टोळीनंही फावडी धुतली, टँकर धुतला, रोलर धुतला. झेंडूचे हार घातले. आणि विष्णूनं मोठ्या मायेनं, माणसांना वाचवणारा तो डोळा म्हणून, आधी त्यालाच हळद लावली, त्यावर कुंकवाचं जाड बोट ओढलं आणि हात जोडले.

दसऱ्याची सुट्टी संपून काम सुरू झालं. रोलरच्या मागं पडलेली खडी आई झाडत होती. विष्णूनं रोलर मागं घेतला. पिपाणी वाजली नाही. कशी वाजणार? डोळ्यावर कुंकू वाळलेलं होतं.

तू बाजूला टँकरजवळ होतास. आईनं घरी येऊन सांगितलं ते असं: "दादानं हेल्मेट काढलं आन इष्णूच्या केबिनवर असं फेकून मारलं, की त्याला वाटलं काच फुटली. त्यानं बिरेक दाबला. मी उडी मारली. झाडू गेला खाली." झाडू गेला. झाडूचा दांडा डांबरात चपटा बसला होता, तो तू फावड्यानं खरवडून काढलास, असंही ती म्हणाली. मग भाजी फोडणीला टाकायला उठली. मी तिच्या हातांकडे बघत बसले. हात नेहमीसारखे होते.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या कामाच्या जागी आले ती दोन मागण्या घेऊन. एक, यंत्रांची पूजा बंद. दोन, विष्णूवर कारवाई. वह्या भरून लिहिता येईल एवढा राग होता माझ्यात. तू ऐकून घेतलंस. विष्णू एका कोपऱ्यात पाण्याचा जार धरून बसला होता, रात्रभर झोपला नव्हता हे दिसत होतं. तू मला म्हणालास, "बोलून झालं? मंग हा डबा धर."

पांढऱ्या रंगाचा डबा होता, रस्त्यावर पट्टे मारायचा. तू रोलरच्या मागं उकिडवा बसलास. आधी फडकं ओलं करून डोळा पुसलास, कोपऱ्यातलं कुंकू काडीनं काढलंस. मग त्या डोळ्याच्या वर, हातभर अंतर सोडून, ब्रशनं एक गोल काढलास. भाकरीएवढा. सगळी टोळी भोवती जमली.

"इष्णू, इकडं ये. हे काय?"

विष्णू म्हणाला, "गोल हाये, साहेब."

"गोल न्हाई. हे कपाळ हाये. कुकू कुठं लावतेत? कपाळाला का डोळ्यात?"

कुणीतरी फस्सकन हसलं. गयामावशी म्हणाली, "ह्याच्या बायकोला इचारा, ती सांगंल." मग सगळेच हसले, विष्णूही, आणि हसता हसता तो रडायला लागला. आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. ज्याच्या रोलरखाली ती जाता जाता राहिली होती, त्याच्या.

मी डबा धरून उभी होते. माझ्या दोन्ही मागण्या तू बाजूला ठेवल्यास, पण त्यांच्या आतलं जे मला खरं हवं होतं ते केलंस. पूजा बंद झाली असती तर डोळा कुणाचा राहिला असता? कंपनीचा. त्याच्यावर धूळ बसली असती आणि कुणी पुसली नसती. आता तुझ्या टोळीत पूजेची सुरुवात डोळा पुसण्यानं होते. रोज सकाळी विष्णू खिशातला स्वच्छ रुमाल काढतो, आधी काच पुसतो, मग वरच्या पांढऱ्या गोलाला बोट लावतो. टँकरला कपाळ आलं, डंपरला कपाळ आलं. शेजारच्या टप्प्यावरची माणसं येऊन बघून गेली आणि त्यांनीही गोल काढले.

मी त्या दिवशी तुला एक गोष्ट मात्र सुनावली, आणि ती मी आजही मागं घेणार नाही. यंत्रानं विष्णूची मान वळायची थांबवली, हा यंत्राचाही दोष आहे. तू मान हलवलीस. त्याच संध्याकाळी नियम केलास की पिपाणी असो वा नसो, मागं घेण्याआधी चालकानं वळून बघायचं आणि हात वर करायचा. हात दिसला नाही तर मागच्या माणसानं जागा सोडायची. "दोन्ही पाहिजे," म्हणालास. "डोळाबी आन मानबी." कंपनीच्या तरुण इंजिनिअरला तुझं हे इतकं पटलं की त्यानं पुढच्या प्रत्येक यंत्राबरोबर ते शिकवायला सुरुवात केली. तो दहाव्यालाही आला होता. मागं उभा राहून डोळे पुसत होता.

आपलं दुसरं भांडण अर्धवट राहिलं. जाकिटांचं. नवीन जाकिटांत एक डबी आहे. कोनाला गाडी धडकली किंवा ओलांडून आत आली की प्रत्येकाच्या खांद्यावरची डबी किंचाळते आणि माणसाला पळायला दोन श्वास मिळतात. तू ती जाकिटं आणायला वर्षभर कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्यास. मी विचारलं, ही डबी फक्त किंचाळते की कोण कुठं होतं हेही कार्यालयाला सांगते? तू चौकशी केलीस. सांगत होती. मी म्हटलं, मग उद्या कुणी दोन मिनिटं झाडाखाली बसलं तर मजुरी कापतील. तू म्हणालास, आधी जीव वाचू दे, मंग भांडू. मी म्हटलं, आधी भांडलो नाही तर मग भांडायला जागा उरत नाही. तू चिडलास. पहिल्यांदाच खरा चिडलास. "तुला तं पाण्यातबी मगर दिसती," म्हणालास. आणि चार दिवसांनी येऊन सांगितलंस, ती नोंद बिलकुल बंद करून घेतली आहे. मी विचारलं, कशी? म्हणालास, "तुहंच भांडण तिथं जाऊन केलं. जरा हळू आवाजात."

तरी तुला वाटत राहिलं की मी यंत्रांच्या विरुद्ध आहे. मी कधीच नव्हते. यंत्र कुणाच्या बाजूनं उभं आहे एवढंच मला बघायचं होतं. तू असताना ते नेहमी आईच्या बाजूनं उभं राहिलं. हे मी तुला सांगितलं नाही. आपल्या घरात आभार मानले की माणसं ताप आलाय का विचारतात. म्हणून आता सांगते. आई रोज संध्याकाळी घरी येते, हातपाय धुते, मला कामं सांगते, माझ्यावर ओरडते. हे सगळं तुझं आहे. मी चिडले की ती म्हणते, दादावर गेलीस. तेही तुझंच.

गेल्या महिन्यात तू आमच्याकडे आलास. त्या दिवशी आई दुभाजकात काम करत असताना एक ट्रॅव्हल्स कोनांची रांग खात आत आली. जाकिटं किंचाळली. बाकीच्या बायका पळाल्या, आई बसून राहिली. कारण कामामुळे जरा हळू झालेल्या गाड्यांची रांग तिच्या कानाशी हॉर्न वाजवत होती, सगळ्या मिळून, आणि त्या गोंगाटात तिला खांद्यावरची डबी ऐकूच आली नाही. गयामावशीनं येऊन तिला ओढलं. तू जमिनीकडे बघत आईला म्हणालास, "एवढं सगळं केलं कुसुम, पण ह्या हॉर्नचं काय करावं ते कळंना."

डबी थरथरतेही. पण साडीवर पुरुषी शर्ट, त्यावर जाकीट, एवढ्या थरांतून बायकांना ती थरथर जाणवत नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं. मनगटावर बांधायचा पट्टा करून घ्यायचा असं तुझं चाललं होतं. एक नमुना आणून आईच्या हातात बांधूनही बघितलास, बांगड्यांच्या मधोमध. पट्टा थरथरला तशा बांगड्या किणकिणल्या. आई लाजली. तू लहान पोरासारखा खूश झालास. नमुना कंपनीकडे परत गेला, खरे पट्टे अजून यायचे आहेत. तो इंजिनिअर म्हणतो, पावसाळ्याआधी आणतोच. मी त्याच्या मागं लागले आहे, तुझ्याच आवाजात, म्हणजे जरा हळू. जमत नाही, पण लागले आहे.

तोवर आईकडे खांद्यावरची ती डबी आहे आणि तिचे दोन कान. उद्या सकाळी ती शहागडच्या पुढं दुभाजकात असेल.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला, ट्रकवाल्याला, बुलेटवाल्याला, लग्नाला निघालेल्या जीपवाल्याला, माझी एकच विनंती आहे. पुढं केशरी कोन दिसले, गाड्या हळू झाल्या, की पाय ब्रेकवर घ्या आणि हॉर्नवरचा हात काढा. मागचा वाजवत असला तरी तुम्ही वाजवू नका. कोन संपेपर्यंत रस्ता शांत ठेवा, म्हणजे तिथं काम करणाऱ्यांना पळायची हाक ऐकू येईल.